मदत हवी आहे: एल्फ डेक (मॅजिक, पॉपर) – एका पत्त्यात सगळी फौज गारद होते

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी. मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणारे इथे किती आहेत माहीत नाही, पण मागे बोर्डगेमच्या धाग्यावर तीन-चार जणांनी हात वर केले होते, म्हणून धीर करून विचारते.

मी सध्या तोरिनोत असते. इटलीत पॉपरचं वेड भारी आहे, आमच्या दुकानात शुक्रवारी तेच चालतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पॉपरमध्ये फक्त कॉमन म्हणून छापले गेलेले पत्ते चालतात. २०१९ साली कागदावरची आणि ऑनलाइनची यादी एक झाली, तेव्हापासून पत्ता कुठेही एकदा कॉमन आला असेल तरी चालतो. डेक (खेळायचा गठ्ठा) ६० चा, साइडबोर्ड (पहिल्या डावानंतर बदलायचे राखीव पत्ते) १५ चा.

मी एल्फ खेळते, म्हणजे एल्फ जातीच्या प्राण्यांचा डेक. यादी अशी: लॅनोवार, फिंडहॉर्न आणि एल्व्हिश मिस्टिक प्रत्येकी ४, क्विरियन रेंजर ४, बर्चलोर रेंजर्स ४, प्रीस्ट ऑफ टिटानिया ४, टिंबरवॉच ४, हंटमास्टर ४, वेलविशर २. त्याशिवाय लीड द स्टँपीड ४, वाइंडिंग वे ४, डिस्टंट मेलडी २, लँड ग्रँट ४, फॉरेस्ट १२ (ही जमीन; ती आडवी केली की माना मिळतं, म्हणजे पत्ते टाकायचं चलन).

पहिला डाव मी बहुतेक वेळा जिंकते. साइडबोर्ड उघडला की माझे दिवस फिरतात. गेल्या शुक्रवारचंच सांगते. समोर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, लाल डेक, दुसरा डाव, सुरुवात त्याची. माझी पहिली खेळी फॉरेस्ट, लॅनोवार. दुसरी फॉरेस्ट, प्रीस्ट, क्विरियन रेंजर. तिसऱ्या खेळीला जमीन आलीच नाही, पण फिकीर नव्हती. दोन फॉरेस्टचे २, लॅनोवारचा १, टेबलावर तीन एल्फ म्हणून प्रीस्टचे ३. मग रेंजरने एक फॉरेस्ट हातात परत घेतला, प्रीस्ट सरळ झाली, पुन्हा ३. तोच फॉरेस्ट या खेळीची जमीन म्हणून परत टाकला, आणखी १. एकूण दहा माना, तिसऱ्याच खेळीला!

मग सुटलेच. हंटमास्टर. त्यामागे मिस्टिक आणि फिंडहॉर्न, प्रत्येकामागे एकेक टोकन (हंटमास्टरमुळे फुकट मिळणारा एल्फ). स्टँपीड मारला, वरच्या पाचात एकच एल्फ निघाला, तोही लगेच उतरवला, आणखी एक टोकन. टेबलावर दहा एल्फ. दुकानातली दोन माणसं बघायला उभी राहिली, मला उगाच शाहिस्तेखानाच्या लाल महालावर छापा घातल्यासारखं वाटत होतं.

मुलाने खुर्चीत नीट बसून तीन माउंटन आडवे केले. इलेक्ट्रिकरी, ओव्हरलोड करून (जास्त माना देऊन एकाऐवजी सगळ्यांवर). समोरच्याच्या प्रत्येक प्राण्याला एकेक डॅमेज. दहातले नऊ गेले. उरला एक हंटमास्टर, आणि हातात डिस्टंट मेलडी, जिच्यासाठी लागणारं निळं माना द्यायला एकही बर्चलोर नाही.

तर प्रश्न: असे पत्ते समोर असतील तर टेबलावर किती एल्फ उतरवायचे? थांबावं तर डेकचा वेगच जातो. साइडबोर्डात काय ठेवू? जाणकारांनी कृपया सांगावं.

अवांतर: धाकटा भाऊ नाशकात लाल डेक खेळतो, आमचे रविवारी वेबकॅमवर सामने असतात. तो हा धागा वाचणार. त्याला उत्तरं दिली नाहीत तरी चालेल.

तिरपागडा

दहा माना केलेत तिथपर्यंत काहीच चुकलं नाही. चूक हंटमास्टरनंतरची.

हंटमास्टर ३/३ आहे (ताकद ३, टफनेस म्हणजे सहनशक्ती ३), इलेक्ट्रिकरीने मरत नाही. तो टेबलावर असताना हातातला एका मानाचा एल्फ म्हणजे एका मानात दोन प्राणी. हे एल्फ साफसफाईच्या आधी उतरवले तर दोन्ही मरतात, नंतर उतरवले तर दोन्ही जगतात. म्हणजे मिस्टिक आणि फिंडहॉर्न तुमचं बियाणं होतं, तेच तुम्ही दळून खाल्लंत.

माझा हिशोब असा. समोर लाल किंवा काळा डेक असेल आणि साइडबोर्ड झाला असेल तर स्वतःला विचारायचं की टेबलावर आहे तेवढ्यात दोन खेळ्यांत मारता येतंय का. टिंबरवॉच असेल तर चार-पाच एल्फ पुरतात, कारण न अडवलेल्या एकालाच सगळ्यांच्या संख्येएवढी ताकद मिळते. मग बाकीचे हातात. त्या खेळीत मी हंटमास्टर आणि स्टँपीड टाकून उरलेले तीन माना सरळ वाया घालवले असते. जिवावर येतं, पण घालवायचे.

निळ्या डेकसमोर मात्र हे करू नका. तिथे थांबलात तर काउंटरस्पेलला (तुमचा पत्ता रद्द करणाऱ्या पत्त्याला) वेळ देताय. तिथे सुटायचंच.

घड्याळजी

वरच्यांशी सहमत, फक्त साइडबोर्डचं जोडतो.

रॅप इन व्हिगर ठेवा, दोन मानात तुमचे सगळे प्राणी रीजनरेट होतात, म्हणजे मरायच्या वेळी एकदा वाचतात. मुलाने इलेक्ट्रिकरी टाकली की तिच्या उत्तरात (तिचा निकाल लागायच्या आत) रेंजरने प्रीस्ट सरळ करायची, तिच्याच मानातून हा पत्ता मारायचा. पण हा डॅमेजवर चालतो, सगळ्यावर नाही. काळ्या डेकचं सफोकेटिंग फ्यूम्स -१/-१ करतं, तिथे टफनेस शून्य झाला की रीजनरेट होऊन काही उपयोग नाही. दोन्हींत गल्लत करून मी एक अख्खी स्पर्धा घालवली आहे.

मास्क्ड व्हँडलही बघा. १/३ आहे, चेंजलिंग (एकाच वेळी सगळ्या जातींचा) असल्यामुळे एल्फ म्हणून मोजला जातो. गंमत म्हणजे तो पायरेटही आहे, त्यामुळे फायरी कॅननेड त्याला शिवतच नाही, कारण तो पत्ता पायरेट सोडून बाकीच्यांनाच दोन डॅमेज देतो. 😄

आणि टिंबरवॉच उभा असेल तर सगळ्यांना वाचवायच्या नादी लागू नका. इलेक्ट्रिकरीच्या उत्तरात त्याला आडवा करून प्रीस्टला वाचवा. टिंबरवॉच स्वतः १/२, तो तसाही जगतो. दोघं उरले तरी पुढच्या खेळीला डाव चालू.

बोका_नाशिककर

मीच तो धाकटा भाऊ. ताई, तुला काय वाटलं, मी गप्प बसेन? जाणकार, आता मलाही सांगा. ताईचा एल्फ डेक कसा मोडायचा? मी पहिल्या खेळीला लॅनोवारवर लाइटनिंग बोल्ट (तीन डॅमेज देणारा पत्ता) मारतो, तरी हरतो. परवा टिंबरवॉचने फुगवायला सुरुवात केली तेव्हा मी टिंबरवॉचलाच बोल्ट मारला. तो मेला, आणि तरी मला एकोणीस लागले. हे काय?

तिरपागडा

बोकोबा, टिंबरवॉच आडवा झाला की त्याचं काम सुटलेलं असतं. नंतर त्याला मारणं म्हणजे बाण सुटल्यावर धनुष्य मोडणं. बोल्ट ज्याला फुगवतायत त्याला मारायचा. तो टार्गेटच नाहीसा झाला की ताकद हवेत. नाहीतर टिंबरवॉच उतरल्या उतरल्या मारा, त्या खेळीत तो आडवा होऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे किती ताकद मिळणार ते शेवटी, काम होताना मोजलं जातं. त्याच्या उत्तरात इलेक्ट्रिकरी टाकलीस तर मोजायला फारसे एल्फच उरत नाहीत. डिस्टंट मेलडीचंही तसंच. ताई दहा एल्फवर दहा पत्ते ओढायच्या बेतात असेल तेव्हा उत्तरात झाडू फिरव, एक किंवा दोन पत्ते मिळतील. मात्र अजून चार एल्फ येऊ देत, मग मारतो, असं म्हणत बसू नकोस. लोभाने माझे जेवढे सामने गेलेत तेवढे पत्त्यांनी गेले नसतील.

मोरू_उवाच

पहिल्या खेळीला लॅनोवारवर बोल्ट मारावा की नाही यावर माझं मत वेगळं आहे. हातात एकच बोल्ट असेल तर मारू नये, प्रीस्टसाठी ठेवावा. लॅनोवार एक माना देतो, प्रीस्ट टेबलावरचे सगळे एल्फ मोजते, समोरच्याचेसुद्धा (एल्फ विरुद्ध एल्फ सामना बघितलाय का कुणी? दोघंही एकमेकांच्या जिवावर श्रीमंत). लॅनोवारसाठी एका लाल मानाची साधी इलेक्ट्रिकरी पुरते, ओव्हरलोड न करता.

आणि ताईंनी लँड ग्रँट फुकट टाकला की त्यांना हात दाखवावा लागतो. तो हात कागदावर लिहून घे. वेबकॅमवर तर आणखी सोपं, स्क्रीनशॉट काढ.

शेवग्याची_शेंग

स्क्रीनशॉट काढलास तर दिवाळीचा फराळ विसर, बोक्या.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. काल शुक्रवार होता. तिरपागडांचं ऐकून थांबले, तोच मुलगा, तोच डेक. हातात तीन एल्फ धरून ठेवणं म्हणजे गरम बटाटा धरल्यासारखं होतं, एकदा तर हात आपोआप पुढे गेला. त्याने इलेक्ट्रिकरी टाकली, चारच गेले, हंटमास्टर राहिला, आणि पुढच्या खेळीत तिघांचे सहा झाले. तो डाव जिंकले.

तिसऱ्यात हरले, पण वेगळ्याच पत्त्याने. क्रार्क-क्लॅन शमन. एकेक आर्टिफॅक्ट (वस्तूचा पत्ता) बळी देऊन न उडणाऱ्या प्रत्येक प्राण्याला एकेक डॅमेज. शमन स्वतःही १/१ आहे, म्हणून मला वाटलं, पहिल्याच तडाख्यात तोही मरेल आणि विषय संपेल. पोराने पहिल्याचा निकाल लागायच्या आत पाठोपाठ आणखी दोन आर्टिफॅक्ट दिले. तीन डॅमेज. हंटमास्टरही गेला, शमनही गेला, आणि त्याच्या हातात अजून चार पत्ते.

यावर रॅप इन व्हिगर पुरेल का? की पहिल्या रीजनरेटनंतर पुढचे दोन तडाखे लागतातच? घड्याळजी, वेळ मिळाला की बघाल का?

घड्याळजी

१/१ एल्फांना रॅप फक्त पहिल्या तडाख्याला पुरतो. रीजनरेटची ढाल एकदा वापरली की संपली, पुढचा तडाखा नव्याने मारतो. शमनवर एकच इलाज, आणि तो तुमच्या रंगात नाही. बर्चलोरने लाल माना काढून साइडबोर्डात एक-दोन बोल्ट ठेवून बघा. शमन उतरताक्षणी मारायचा, आणि तेही त्याचे आर्टिफॅक्ट कमी असतील तेव्हाच, कारण तुमच्या बोल्टच्या उत्तरात तो बळी देणारच. एरवी लाल डेक म्हणाला होतात, आर्टिफॅक्ट किती होते ते लिहा. यादी बघून सांगतो.