कोल्हापूर ते दुबई: मुंबईमार्गे की हैदराबादमार्गे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ताई दुबईला असते, तिचं बाळंतपण जवळ आलंय. आई-बाबांना तिकडं पाठवायचंय. दोघंही पहिल्यांदाच परदेशी निघालेत आणि बाबांच्या गुडघ्यांचा त्रास आहे, त्यामुळं रात्रभर गाडीत बसवून मुंबई गाठायची नाही. उजळाईवाडीलाच, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरच विमानात बसवायचं, एवढं ठरलंय.

नकाशावर अंतरं काढून बघितली. कोल्हापूर-दुबई सरळ रेषेत साधारण २२०० किलोमीटर. मुंबईमार्गे ३१० अधिक १९३०, म्हणजे २२४०. वाट जवळजवळ वाकडी होतच नाही. हैदराबादमार्गे मात्र आधी ४४५ किलोमीटर पूर्वेला जायचं आणि मग २५५० उलटं पश्चिमेला. साडेसातशेचा वळसा! पण मोठं जेट ताशी ८००-८५० किलोमीटरनं जातं, म्हणजे हवेतला फरक तासाभराचाच.

तिकिटावरच्या वेळा वाचताना घरात बराच गोंधळ झाला, म्हणून इथं लिहितो. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. मुंबईहून १० ला सुटून ११:४५ ला पोचणार असं छापलेलं असलं तरी प्रवास सव्वातीन तासांचा असतो. शिवाय ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची. धावपट्टीपर्यंत जाणं, उतरायला नंबर लागणं, सगळं त्यात आलं. म्हणून तर ३१० किलोमीटरलाही तासभर धरावा लागतो.

माझी खरी काळजी मधल्या थांब्याची आहे. मुंबईत देशांतर्गत विमान टी-१ ला (टर्मिनल १) उतरलं तर दुबईसाठी टी-२ ला (टर्मिनल २) जायला बाहेर पडून रस्त्यानं जावं लागतं. सामान घेऊन, तिथल्या ट्रॅफिकमधून, दोन म्हातारी माणसं! हैदराबादला शमशाबादच्या विमानतळावर देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही एकाच इमारतीत. त्यामुळं वळसा पडला तरी माझा कल हैदराबादकडंच आहे.

कोल्हापूरहून आई-वडिलांना असं कुणी पाठवलंय का? दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर मिळाली तर सामान उजळाईवाडीला दिलं ते थेट दुबईलाच मिळतं का, की मध्ये घेऊन परत द्यावं लागतं? वेगळी तिकिटं काढली तर इथल्या काउंटरवर १५ किलोचीच मर्यादा लागेल, आणि आईनं कांदा-लसूण चटणीचे डबे, डिंकाचे लाडू आत्ताच बांधून ठेवलेत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगितली तर हैदराबादला इमिग्रेशनपर्यंत माणूस सोबत येतो का? आणि पावसाळ्यात इथलं विमान लेट होतं हे धरून मध्ये किती तास ठेवावेत? मी चार धरतोय. कमी पडतील असं वाटत असेल तर स्पष्ट सांगा, तिकिटं याच आठवड्यात काढायची आहेत.