मदत हवी आहे : घरची नानकटाई '५६ एपीओ'च्या पत्त्यावर न मोडता कशी पाठवावी?

नमस्कार.

माझा भाचा सैन्यात आहे आणि सध्या त्याचा पत्ता '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, सैन्याचे टपाल कार्यालय) असा आहे. म्हणजे पार्सलवर गावाचे नाव लिहायचे नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ९ ने सुरू होणारा पिन कोड एवढेच लिहायचे. यंदा दिवाळीत त्याला रजा मिळणार नाही, म्हणून दसरा झाला की त्याच्यासाठी नानकटाई आणि गव्हाची बिस्किटे पाठवावीत असा विचार आहे. इथल्या कुरियरवाल्यांनी हा पत्ता घेत नसल्याचे सांगितले, तेव्हा टपालाशिवाय मार्ग नाही. पार्सल आधी दिल्लीला जाऊन तिथून पुढे जाणार. पंधरा दिवस धरून चाला, असे भाचा म्हणतो.

साताऱ्यात आम्ही अजूनही घरचे साहित्य बेकरीत नेऊन भट्टीत भाजून घेतो. प्रमाण नेहमीचेच : दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर, शिवाय थोडे बेसन आणि वेलदोड्याची पूड. कारागीर तूप-साखर परातीत तळहाताने पांढरी होईपर्यंत फेसतो, मग त्यात मैदा मिसळतो. ही नानकटाई इतकी खुसखुशीत होते की ट्रेमधून उचलताना दोन बोटांच्या चिमटीतच तिची कड सुटते. खाणाऱ्याला हाच तिचा गुण वाटतो, पण प्रवासात तोच नडतो. मागे पुण्याला बहिणीकडे एका कुरियरने डबा पाठवला होता, त्यात वरचा थर शाबूत आणि खालच्या थरांचा भुगा झालेला होता. बहिणीने तो दुधात कालवून संपवला. बराकीत ती सोय कुठली?

माझ्या शंका अशा आहेत. डबा पत्र्याचा घ्यावा की प्लॅस्टिकचा, आणि थरांच्या मध्ये काय घालावे? नानकटाई जरा घट्ट व्हावी म्हणून प्रमाणात बदल करता येतो का, की तसे केल्यास ती नानकटाईच राहत नाही? ऑक्टोबरच्या उन्हात पार्सल पडून राहिले तर तुपाला खवट वास येईल का? कंदी पेढे पाठवा, असे घरातले सगळे सुचवत आहेत. परंतु खव्याचा पदार्थ इतक्या लांब पाठवायला माझे मन धजत नाही. अपशिंग्यासारखी, घरटी एक तरी माणूस फौजेत असलेली गावे आपल्याच जिल्ह्यात आहेत, तेव्हा हा अनुभव घेतलेले कोणीतरी इथे नक्की असेल.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी सांगलीत राहते आणि घरगुती बिस्किटांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे पार्सलचा उद्योग कायमचाच आहे.

आधी प्रमाणाचे सांगते. बेसन पूर्ण काढून टाका. त्यात मैद्यासारखा चिकटपणा नसल्यामुळे नानकटाई अधिक भुसभुशीत होते. त्याऐवजी थोडा बारीक रवा घाला, तूप वाटीला दोन चमचे कमी घ्या आणि कारागिराला फार फेसू नका म्हणून सांगा, कारण फेसताना जितकी हवा आत जाईल तितका घास पोकळ होतो. आकार लहान आणि चपटा ठेवा. चव किंचित बदलेल, पण नानकटाईच राहील. गव्हाच्या बिस्किटांचे पीठ दुधात मळलेले असते, त्यामुळे ती मुळातच टणक असतात. त्यांची काळजी करू नका.

भट्टीतून आल्यावर ती पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना झाकण लावले तर आतली वाफ डब्यातच राहते आणि दोन दिवसांत नानकटाई मऊ पडते. डबा पत्र्याचाच घ्या, पण उंच नको. दोन बसके डबे एका उंच डब्यापेक्षा बरे. तुमच्या बहिणीकडे खालचे थर गेले ते वरच्या वजनाने. दोन नानकटाया पाठीला पाठ लावून बटर पेपरमध्ये गुंडाळा, आडव्या न रचता कडेवर उभ्या लावा आणि उरलेल्या फटींत चुरगाळलेला बटर पेपर ठासून भरा. झाकण लावून डबा कानाशी हलवून पाहा. आवाज आला तर अजून कागद हवा. दोन्ही बिस्किटे एकाच डब्यात मात्र ठेवू नका, कारण एकातला ओलावा दुसऱ्यात जातो.

डबे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून चारी बाजूंनी बबल रॅप लावा. पण खोके उगाच मोठे घेऊ नका. पार्सल आकाराने मोठे आणि वजनाने हलके असेल, तर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारे वजन धरतात. ३० बाय २५ बाय २० चे खोके आत कितीही हलके असले तरी ३ किलोचे ठरते. पूर्वी मांजरपाटात पार्सल शिवून लाख लावायचे, तेव्हा निदान कापड खोक्याला घट्ट बसत असे.

तुपाबद्दल एवढेच, की ते ताजे आणि नीट कढवलेले असू द्या. बेरी राहिलेले तूप लवकर खवट होते. तसे असेल तर पंधरा दिवसांची चिंता नाही. पत्त्याची एक चिठ्ठी डब्याच्या वरही ठेवा. बाहेरचा कागद फाटला किंवा शाई पुसली तर ती उपयोगी पडते.

मूळ लेखिका

मनापासून आभार. कडेवर उभ्या लावण्याचे मला सुचलेच नव्हते. बेसन काढण्याला घरातून विरोध होणार हे नक्की, त्यामुळे आधी अर्ध्या किलोचा एक घाणा करून पाहते. फक्त एक विचारायचे राहिले : रवा कोरडाच मिसळायचा, की आधी तुपात काही वेळ भिजवून ठेवायचा?