कोलंबिया मोठं झालं ते ‘खासगी’ होतं म्हणून का?

ओसरी (धागाकर्ता)

गेल्या रविवारी जेवणाच्या पानावर वाद झाला. भाच्याला एका नव्या खासगी विद्यापीठात घालायचं चाललंय आणि मेहुण्यांचं ठाम मत, की खासगी म्हणजे पैसे उकळायचा धंदा. मी म्हटलं, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले तेही खासगीच ना? ते गप्प झाले, पण माझ्या डोक्यातून विषय जाईना.

माझा मुद्दा असा. बाबासाहेब १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. हे विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं. म्हणजे कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १९१३ च्या जुलैत हाच विद्यार्थी न्यूयॉर्कला पोचतो आणि तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतो, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. शिवाय तोंडओळखीपुरतं फ्रेंच आणि जर्मन. अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला ड्यूई. आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझरच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध. अर्थशास्त्राचा विद्यार्थी दुसऱ्याच विभागात जाऊन जातिसंस्थेवर निबंध वाचतो आणि ‘तुमचा विषय कोणता?’ म्हणून कुणी त्याला अडवत नाही.

ही मोकळीक सरकारी खात्यात मिळाली असती? १८८० मध्ये बर्जेस या प्राध्यापकाने कोलंबियात राज्यशास्त्राची पदव्युत्तर शाखा काढली. विश्वस्तांनी हो म्हटलं, काम झालं. सेथ लो अध्यक्ष असताना १८९६ मध्ये कॉलेजचं विद्यापीठ झालं, पुढच्याच वर्षी मॉर्निंगसाइड हाइट्सवर, जुन्या मनोरुग्णालयाच्या जागेत बिऱ्हाड हललं. ग्रंथालयासाठी या गृहस्थाने वडिलांच्या स्मरणार्थ स्वतःचे दहा लाख डॉलर दिले.

कामानिमित्त चार महिने न्यूयॉर्कला होतो तेव्हा ते पाहिलंय. (नाव लो ग्रंथालय, पण आत आता कचेऱ्या.) पायऱ्यांवर विद्यामातेचा ब्राँझचा पुतळा आहे आणि तिच्या झग्याच्या चुण्यांत एक घुबड लपवलंय. नव्या पोरांनी ते शोधायचं असतं. मला दहा मिनिटं लागली, तीही एका मुलीने खूण केल्यावर. आपल्याकडे विद्येच्या देवळात कुणी घुबड बसवलं असतं तर शांत करावी लागली असती!

तर, खासगी असणं हेच कोलंबियाचं बळ. मांडा आपापली मतं.

तळटीप

धागा आवडला. पण इमारत सुरेख आणि पाया कच्चा, असं झालंय.

१७५४ मध्ये राजा दुसरा जॉर्ज याच्या सनदेने ‘किंग्ज कॉलेज’ सुरू झालं. ट्रिनिटी चर्चला लागून असलेल्या शाळेत आठ विद्यार्थी. पैसा उभा केला तो सरकारमान्य लॉटरीतून. १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे बंद पडलं. १७८४ मध्ये ‘कोलंबिया कॉलेज’ म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा ते चक्क न्यूयॉर्क राज्याच्या ताब्यात होतं. १७८७ मध्ये राज्यानेच ते २४ विश्वस्तांच्या मंडळाकडे सोपवलं. खासगीपणसुद्धा सरकारी कायद्याने मिळालेलं आहे.

खरी गंमत जमिनीची. डॉ. डेव्हिड होसॅक नावाचा तिथला प्राध्यापक होता. (अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन आणि तेव्हाचा उपाध्यक्ष बर यांच्या द्वंद्वयुद्धात हजर असलेला डॉक्टर तो हाच. आणि हॅमिल्टन याच कॉलेजचा जुना विद्यार्थी.) त्याने शहराबाहेर सुमारे २० एकरांवर वनस्पतींची बाग केली, ती परवडेना म्हणून राज्याला विकली. १८१४ मध्ये कॉलेज राज्याकडे पैसे मागायला गेलं तर राज्याने रोकड न देता ही बाग गळ्यात मारली. पुढे शहर वाढत वाढत बागेपर्यंत आलं आणि बागेच्या चहूबाजूंना मॅनहॅटन उभं राहिलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तीच जागा रॉकफेलरना भाड्याने दिली गेली. आजचं रॉकफेलर सेंटर ते हेच. १९८५ मध्ये जमीन विकली, ४० कोटी डॉलरना.

जनतेच्या बागेचं भाडं पिढ्यानपिढ्या खाल्लं आणि बळ कशाचं, तर म्हणे खासगीपणाचं!

आता बाबासाहेब. त्यांना पाठवलं बडोदा संस्थानाने. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायचा करार. तोही सरकारी खजिनाच. ज्या प्रबंधावर कोलंबियाने १९२७ मध्ये पीएच. डी. दिली, तो १९२५ मध्ये छापला गेला. प्रस्तावना सेलिग्मनची, अर्पणपत्रिका सयाजीरावांना. कोणी वाट दाखवली आणि कोणी वाटखर्च दिला, याचा हिशेब त्या दोन पानांत झालेला आहे.

शेवटचा बाक

म्हणजे आमच्या तालुक्याच्या शिक्षणसम्राटांनी गायरान घेतलं, तसंच की हे! उगाच शिव्या घालत होतो बिचाऱ्यांना.

ओसरी

@शेवटचा बाक, नाही हो. फरक आहे, आणि तो कळीचा आहे. कोलंबियाला मालक नाही. विश्वस्तांना नफा घरी नेता येत नाही, खुर्ची मुलाच्या नावावर करता येत नाही. अध्यक्ष नेमायचा, पैशावर लक्ष ठेवायचं. कोणी काय शिकवावं, ते प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचा प्रमुख), डीन आणि विभागांतले प्राध्यापक बघतात.

@तळटीप, बागेची गोष्ट माहीत नव्हती, मान्य. पण जमीन राज्याने बऱ्याच जणांना दिली. तिच्यातून सगळ्यांनी विद्यापीठ उभं केलं का?

काथ्याकूट

‘कोणी काय शिकवावं ते प्राध्यापक बघतात’ हे वाचून चहा नाकात गेला.

बाबासाहेब तिथून निघाल्यावर दीड वर्षाच्या आत काय झालं ते बघा. अध्यक्ष निकोलस मरे बटलर. गादीवर १९०२ ते १९४५, म्हणजे अध्यक्ष कसले, संस्थानिकच. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि यांनी जाहीर केलं, की कालपर्यंत जो मूर्खपणा म्हणून खपत होता तो आता देशद्रोह. ऑक्टोबरात मानसशास्त्रज्ञ कॅटेल आणि त्यांच्याबरोबर साहित्याचे प्राध्यापक डाना यांना काढलं. कॅटेल यांचा गुन्हा काय, तर सक्तीने भरती केलेल्या सैनिकांना परदेशी लढायला पाठवू नका, असं खासदारांना पत्र लिहिलं. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांचा स्वतःचा युद्धाला पाठिंबा होता, तरी त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. विद्यापीठ मूठभर विश्वस्तांच्या मुठीत आहे, ही त्यांची तक्रार. आणि बटलरसाहेबांना १९३१ मध्ये नोबेल मिळालं, तेही शांततेचं.

सरकारी साहेब निदान बदलून तरी जातो. हे ४३ वर्षं हलले नाहीत.

उंबरठा

बिअर्डपर्यंत कशाला जायचं? अर्ध्या जगाला तर आतच घेत नव्हते.

फ्रेडरिक बार्नर्ड १८६४ ते १८८९ अध्यक्ष. मुलींना प्रवेश द्या म्हणून त्यांनी विश्वस्तांना परोपरीने सांगितलं. विश्वस्त ढिम्म. शेवटी १८८९ मध्ये मुलींचं वेगळं कॉलेज निघालं, त्याला याच बार्नर्डांचं नाव दिलं, आणि तेही ते वारल्यावर. जिवंतपणी ऐकलं नाही, मेल्यावर पाटी लावली. बार्नर्डचं विश्वस्त मंडळ आजही वेगळं आणि पदवी कोलंबियाची. नात्याला नाव काय द्यायचं, देव जाणे. सख्खी पण चूल वेगळी.

खुद्द कोलंबिया कॉलेजात पदवीला मुली बसल्या १९८३ मध्ये. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीत बसल्या होत्या, पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात जायला. बरोब्बर शंभर वर्षं. विश्वस्तांनी हो म्हटलं की काम होतं, हे खरं. नाही म्हटलं की शतक जातं, तेही लिहा.

आणि बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भागावर कोरलेली नावं पाहिलीत का? होमर, हिरोडोटस, सोफोक्लीस, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल… एकही बाई नाही. १९८९ मध्ये विद्यार्थिनींनी त्यांच्या वर लेखिकांच्या नावांचं भलंमोठं कापड लावलं होतं.

ओसरी

@उंबरठा, याला उत्तर नाही. विश्वस्त चुकले आणि फार काळ चुकले.

पण त्या नावांवरून आठवलं. १९१९ पासून तिथे पदवीच्या पोरांना एक सक्तीचा गाभा आहे. डॉक्टर व्हायचं असो की वकील, आधी प्लेटो वाचा. तोही दोनशेच्या सभागृहात नाही. वीस-बावीस जण एका टेबलाभोवती, पुस्तक उघडं, आणि मास्तर बोलणार कमी. यादी एकांगी होती, पोरांनी भांडून थोडी बदलून घेतली. पण शंभर वर्षं इतके छोटे वर्ग चालवणं म्हणजे प्राध्यापकांचा केवढा खर्च! हा कारभार सरकारी लेखापरीक्षणात टिकला असता असं मला वाटत नाही.

प्रयोगवही

उशिरा येतोय. मी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून पैसा आतून कसा फिरतो ते सांगतो.

फी आणि देणग्यांवर संशोधन चालत नाही. प्राध्यापक प्रस्ताव लिहितो, सरकारी संस्था तो मंजूर करते, पैसे येतात विद्यापीठाच्या खात्यात. त्यावर विद्यापीठ वरखर्च म्हणून आणखी टक्केवारी घेतं, म्हणजे वीज, इमारत, उणे ऐंशीचे फ्रीझर, कचऱ्याची विल्हेवाट. माझ्या पगाराच्या चिठ्ठीत खर्च ज्या खात्यावर पडतो त्याचा जो क्रमांक असतो, तो विद्यापीठाच्या खात्याचा नसून सरकारी अनुदानाचा आहे. उद्या अनुदान संपलं की मी संपलो. हे ‘खासगी’ विद्यापीठ.

कोलंबियाचंही तेच. जानेवारी १९३९ मध्ये तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्यूपिन इमारतीच्या तळघरात अणुविखंडनाचा प्रयोग झाला. पुढे सरकारी पैसा आला आणि तो थांबलाच नाही. मग मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने कोलंबियाची ४० कोटी डॉलरची अनुदानं आणि कंत्राटं रद्द केली. कारण दिलं ज्यू विद्यार्थ्यांच्या छळाकडे दुर्लक्ष केल्याचं. जुलैत विद्यापीठाने तडजोड केली. तीन वर्षांत २० कोटी डॉलर, शिवाय २.१ कोटी वेगळे, आणि बहुतेक अनुदानं परत. चूक कबूल केली नाही, पैसे कबूल केले.

ते आठवडे आमच्याकडेही सगळे गप्प होते. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी पेशी वाढवत होती. त्यांना शनिवार-रविवार कळत नाही, अनुदानही कळत नाही. ती रोज येऊन त्यांना खाऊ घालत होती, पगार पुढच्या महिन्यात येईल की नाही याचा पत्ता नसताना.

तळटीप

@प्रयोगवही, नेमकं. रॉकफेलर सेंटर होतं ते आत्ता आठवा. विकलं नसतं तर एवढं झुकावं लागलं असतं का? (उगाच मनात आलं.)

आणि ‘सार्वजनिक’ शब्द हवा तेव्हा कोलंबियालाही आठवतो. हार्लेमकडच्या मॅनहॅटनव्हिलमधले १७ एकर हवे होते तेव्हा राज्याने विद्यापीठाच्या विस्ताराला सार्वजनिक हित म्हटलं आणि सक्तीच्या भूसंपादनाची तयारी केली. २०१० मध्ये राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने त्यावर शिक्का मारला. विरोधात लढणाऱ्यांत एका शीख कुटुंबाचे पेट्रोल पंप होते.

ओसरी

तरी एक गोष्ट सांगतोच. १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, पोलिसांनी सातशेच्या वर जणांना पकडलं. मग १९६९ मध्ये सिनेट आलं, त्यात प्राध्यापक आणि विद्यार्थी दोन्ही. म्हणजे बटलरशाही संपवायची सोयही तिथेच झाली.

आणि २०२२. मायकेल थॅडियस या तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने स्वतःच्या पानावर लिहिलं, की क्रमवारीसाठी आपल्या विद्यापीठाने दिलेले आकडे पटत नाहीत. कोलंबिया तेव्हा देशात दुसरं. चौकशी झाली, विद्यापीठाने काही आकडे चुकल्याचं मान्य केलं, आणि दुसऱ्यावरून थेट अठराव्यावर. गणितज्ञ नोकरीत शाबूत. आपल्याकडे असं लिहून कोण सोमवारी कामावर जाईल?

काथ्याकूट

हे टेन्युअरचं बळ, कायम नेमणुकीचं. ते कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातही आहे आणि बर्कले सरकारी आहे. खासगीपणाच्या खात्यावर कशाला जमा करता?

ओसरी

हम्म. हा नेम बसला.

बरं, सगळं वाचून काल रात्री भाच्याच्या विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडलं. घुबड शोधावं तसं नियामक मंडळ शोधलं, सापडलं एकदाचं. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि एक ‘मार्गदर्शक’. पाच फोटो, आडनाव एक.

शेवटचा बाक

मेहुण्यांना कळवलंत का?

ओसरी

कळवलं. हसले नाहीत, तेवढा मान राखला. भाचा म्हणतो, मामा, हॉस्टेलला एसी आहे.