कंपासपेटीत माव्याची पुडी

(सोसायटीच्या ग्रुपवर, एका दिवसात)

बी २०४ (स. ७:४२): लिफ्टमध्ये परत पिचकारी. पण आज त्यासाठी लिहीत नाही. माझ्या नववीतल्या मुलाच्या कंपासपेटीत माव्याची पुडी सापडली. रबर लावलेला प्लॅस्टिकचा तुकडा, आत ओलसर सुपारी-तंबाखू, चुन्याचा वास. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सेक्रेटरी: फार वाईट वाटलं मॅडम. दंडाचा बोर्ड लावला तेव्हा कोण काय बोललं, सगळ्यांना आठवत असेल.

ए ४०२: लिफ्टसमोर कॅमेरा लावा. पाडव्यापासून सांगतोय.

सी ३०१: आधी थकलेला मेंटेनन्स भरा, मग कॅमेरा.

ए ४०२: नाव घेऊन बोला की वो.

ए १०१ काका: पोरांना धाक राहिला नाही. आम्ही मिलमध्ये रातपाळ्या तंबाखूवर काढल्या. चाळीस वर्षं मळतोय, डोकं तरतरीत आहे. सगळे हिशोब तोंडपाठ.

सी १०५ (सिस्टर): काका, रागावू नका. तरतरी वाटते हे खरं, पण ती येते कुठून? चुन्यामुळं तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं आणि मेंदूत जातं. तिथं डोपामिन नावाचं रसायन सुटतं, बरं वाटतं. रोजच मिळायला लागलं की निकोटिन धरणाऱ्या जागा मेंदू वाढवून ठेवतो. दोनेक तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, मग चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. पुढचा बार भरला की वाटतं डोकं चालू झालं. खरं तर तलफ भागलेली असते.

बी ३०३: म्हणजे मीटिंगला काही जण बार न भरताच येतात 😄

सी १०५: दादा, एका आईनं रडत लिहिलंय. पोराचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. मोह आवरणारा कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. या वयात सवय लागली तर घट्ट बसते.

डी २०३: सासूबाई मिश्री लावतात. ती चालते ना? दातासाठी आहे.

सी १०५: मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, वहिनी. सकाळी लावली नाही तर डोकं धरतं ना त्यांचं?

डी २०३: हो. दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.

सी ३०१: मुलाची गोष्ट ग्रुपवर टाकायला नको होती. आता सगळी बिल्डिंग बघणार त्याच्याकडं.

बी २०४: तुमच्या घरी घडलं असतं तर काय केलं असतं? शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी, अठराच्या आतल्याला द्यायचं नाही, २००३ चा कायदा आहे. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद. तरी गेटसमोर मावा घोटून देतात.

ए ४०२: म्हणून म्हणतो, कॅमेरा.

बी २०४: आणि काका, राहवत नाही म्हणून लिहिते. मुलाला विचारलं तर म्हणाला, "१०१ चे आजोबा कट्ट्यावर रोज खातात, त्यांना काय झालं?"

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. टँकर अकराला येतोय, गाड्या हलवा.

डी २०३: कालचा टँकर अर्धाच होता.

ए १०१ काका (रा. ९:५०): दिवसभर चंची उशाला ठेवून बसलोय. दोन वर्षांमागं गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरासमोर सोडली होती. तिसऱ्या दिवशी नातवावर हात उगारला. सूनबाईनंच पुडी आणून हातावर ठेवली. सिस्टर, असंच होतं का सगळ्यांचं?

सी १०५: होतं काका. पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट. तीन-चार आठवड्यांत बराचसा उतार पडतो. वाढलेल्या जागाही हळूहळू कमी होतात. १८००-११-२३५६ ला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे. आणि पक्षाघातानं जाण्याचा धोका तंबाखू खाणाऱ्यांना जास्त असतो. तुम्हाला बीपी आहे, म्हणून सांगते.

ए १०१ काका: उद्यापासून चंची कट्ट्यावर येणार नाही. सूनबाईला सांगितलंय, तिसऱ्या दिवशी मी कितीही ओरडलो तरी पुडी आणायची नाही. २०४, पोराला संध्याकाळी माझ्याकडं पाठवा. रागावणार नाही. हात उगारल्याचं त्याला मीच सांगतो.

बी २०४: पाठवते काका. सहाला.

ए ४०२: कॅमेऱ्याचं काय ठरलं?