मदत हवी आहे: हौदात झाडबेडकाचं फेसाचं घरटं, हौद तर धुवायचाय

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आमच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे. परवाच्या पावसानंतर त्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर, मुठीएवढा पांढरा गोळा चिकटलेला दिसला. ताक घुसळल्यावर येतो तसा फेस, आता वरून वाळून पापुद्रा धरलाय.

घातला कोणी ते माहितीये. न्हाणीघरात एक बेडूक मुक्कामाला असतो. बोटांना गोल चकत्या, भिंतीवर सरळ चढतो, रंग कधी फिकट कधी तपकिरी, मांडीमागे पिवळे ठिपके. म्हणजे आपला नेहमीचा झाडबेडूक, पॉलिपेडेटस मॅक्युलेटस. आंबोलीतला हिरवा मलबारी उडता बेडूक इकडे माळरानात कुठला यायला!

आई म्हणते, "खरडून टाक की ते, अंघोळीला तेच पाणी आहे." डासांचं औषध टाकणारेही येतील. फेस दुसरीकडे हलवला तर अंडी जगतात का? की हिप्परगा तलावावर नेऊन सोडू?

प्रतिसाद १
तलावात नको, मासे पिल्लं फस्त करतील. गप्पी मासे सोडलेल्या हौदातही तेच होतं.

हलवता येईल. हात ओले करून पातळ कालथ्याने गोळा अख्खा सोडवा. सावलीत टब ठेवा, त्यावर फांदी आडवी टाकून गोळा तिच्यावर ठेवा. पाण्यात बुडू देऊ नका. मादी अंगातला स्राव मागच्या पायांनी घुसळून हा फेस करते. वरचा पापुद्रा वाळतो पण आतली अंडी ओली राहतात, आपल्याकडच्या उन्हात तोच त्यांना तारतो. काही दिवसांनी फेस मऊ पडतो आणि पिल्लं टपाटप खाली पडतात, म्हणून बरोबर खाली पाणी हवं. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच ओता, क्लोरिन उडून जातो. तळाला थोडं शेवाळ टाका. औषधवाल्यांना टब दाखवून सांगा, आणि वर बारीक जाळी घाला म्हणजे डास अंडी घालणार नाहीत.

धागाकर्ता
जाळी घातली तर बेडूक बाहेर कसे येणार?

प्रतिसाद १
अहो, त्याला अजून बरेच आठवडे आहेत. पुढचे पाय फुटले की जाळी काढा आणि टबात एक काठी तिरकी टेकवा. शेपूट जिरायच्या आधीच वर चढतात, काठी नसली तर बुडून मरतात.

धागाकर्ता
आभारी आहे. आई म्हणते तुळशीजवळ टब नको, जिन्याखाली ठेवतो. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत हलवतो.