ऊर्जास्रोत निवडताना ‘नवीकरणीय’ हा एकच निकष पुरेसा आहे का?

जलरेषा (धागाकर्ता)

ऊर्जेच्या चर्चेत नैसर्गिक संसाधनांचे दोन गट पाडले जातात आणि बहुधा तिथेच विचार थांबतो. सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, जैवभार (लाकूड, शेतातले अवशेष यांसारखी जैविक इंधने) आणि भूगर्भातील उष्णता ही नवीकरणीय, म्हणून स्वीकारार्ह. दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि युरेनियम ही अनवीकरणीय, म्हणून त्याज्य. निसर्गाविषयीची माहिती म्हणून ही विभागणी बरोबर आहे. मात्र कोणत्या स्रोताला अनुदान द्यावे आणि कोणते केंद्र बंद करावे हे ठरवण्यासाठी ती अपुरी आहे, आणि काही ठिकाणी दिशाभूल करणारीही आहे, असे माझे मत आहे.

संसाधन टिकते की संपते हे त्याच्या प्रकाराइतकेच आपण ते किती वेगाने उपसतो यावरही अवलंबून असते. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ या भूऔष्णिक क्षेत्रात १९६० मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पुढे तिथे एकामागून एक केंद्रे उभी राहिली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब घसरू लागला. खडक तापलेलाच होता, पण जितकी वाफ बाहेर काढली जात होती तितके पाणी जमिनीत परत मुरत नव्हते. शेवटी आसपासच्या वस्त्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळवाहिन्यांतून आणून जमिनीत सोडावे लागले, तेव्हा कुठे ही घसरण आटोक्यात आली. जलविद्युतेचीही अशीच एक मर्यादा आहे. चीनमधील पीत नदीवरचे सानमेन्शिया धरण १९६० मध्ये पूर्ण झाले आणि काही वर्षांतच जलाशय गाळाने इतका भरू लागला की, गाळ बाहेर सोडण्यासाठी धरणाच्या रचनेत मोठे फेरबदल करावे लागले आणि मूळ योजनेच्या मानाने फारच थोड्या वीजनिर्मितीवर समाधान मानावे लागले. पाऊस दरवर्षी पडतो. गाळाने व्यापलेली जलाशयातील जागा मात्र आपोआप मोकळी होत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न लाकडाचा आहे. समान उष्णतेसाठी लाकूड जाळले, तर धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोळशापेक्षा कमी नसतो, उलट थोडा अधिकच असतो. तो परत शोषला जावा यासाठी तोडलेल्या जागी तितकेच जंगल पुन्हा वाढावे लागते आणि त्याला अनेक दशके लागतात. दुसरीकडे युरेनियम निःसंशय अनवीकरणीय आहे, आणि निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. तरीही अणुभट्टीत वीज तयार होताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. गट पाहूनच निर्णय घेतला, तर जंगल जाळणाऱ्या केंद्राला प्रोत्साहन मिळते आणि चालू अणुवीजकेंद्र बंद होते. हे मला अजिबात पटत नाही. उपशाचा वेग किती, हवेत काय जाते आणि जमीन-पाण्याचे काय होते, हे प्रत्येक स्रोताबाबत स्वतंत्रपणे विचारले गेले पाहिजे.

निखारा

उदाहरणे खरी आहेत, पण निष्कर्षाशी मी ठाम असहमत आहे. धागाकर्त्यांनी भूऔष्णिक, जल आणि जैवभार हे तीन स्रोत निवडले आणि सूर्य व वारा यांना केवळ यादीत स्थान देऊन सोडून दिले, जेव्हा आज नव्या वीजक्षमतेतली बहुतांश भर या दोन स्रोतांतूनच पडत आहे. पृथ्वीच्या वातावरणावर एका तासात येऊन पोहोचणारी सौर ऊर्जा साऱ्या मानवजातीच्या वर्षभराच्या ऊर्जावापराइतकी असते. आपण कितीही पॅनेल बसवली, तरी उद्याचा सूर्यप्रकाश त्यामुळे कमी होत नाही. उपशाच्या वेगाचा मुद्दा इथे लागूच पडत नाही.

वाफेचा दाब घसरलेले क्षेत्र पाणी सोडून किंवा विश्रांती देऊन मानवी काळमर्यादेत सावरता येते. दगडी कोळशाचे कितीतरी मोठे साठे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बनी कालखंडातील दलदलींमध्ये तयार झाले, आणि ते आपण काही शतकांत जाळत आहोत. हा फरक ‘कमी-अधिक वेगा’चा म्हणून एका मापात बसवणे मला अयोग्य वाटते. जगाच्या प्राथमिक ऊर्जेपैकी (म्हणजे रूपांतर होण्याआधीच्या मूळ ऊर्जेपैकी) सुमारे ८० टक्के ऊर्जा अजूनही जीवाश्म इंधनांतून येत असताना, ‘नवीकरणीय स्रोतही तसे निर्दोष नाहीत’ या वाक्याचा उपयोग कोळसा चालू ठेवण्यासाठीच केला जातो, मग लिहिणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

आणखी एक गोष्ट. इंधन संपेल या भीतीवर विसंबून राहता येत नाही. अमेरिकेतील तेलाचे उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल, असे भूवैज्ञानिक मॅरियन किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये सांगितले होते आणि तसे घडलेही. पण पुढे शेल खडकांतून तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०१८ मध्ये ते जुने शिखर ओलांडले गेले. साठा संपण्याच्या कितीतरी आधी वातावरणाची सहनशक्ती संपत आहे. औद्योगिकीकरणापूर्वी हवेत दर दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

जलरेषा

निखारा, आपला शेवटचा परिच्छेद माझ्याच बाजूने साक्ष देतो. साठा संपणे हा खरा धोका नसून हवेत जाणारा वायू हा धोका असेल, तर ‘संपणारे’ आणि ‘न संपणारे’ या विभागणीवर धोरण का उभारायचे? कार्बनवरच उभारावे. सूर्य आणि वारा त्या कसोटीला सहज उतरतील. संपूर्ण झाडांच्या गोळ्या करून जाळणारे केंद्र उतरणार नाही.

आडवाट

आपण दोघेही ऊर्जेच्या प्रमाणाबद्दल बोलत आहात, पण ती ज्या क्षणी हवी त्याबद्दल कोणी बोलत नाही. ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवहनाच्या जाळ्यात, मागणी आणि पुरवठा प्रत्येक क्षणी जुळावा लागतो. कोळशाचा ढीग, तेलाची टाकी आणि वायूची भूमिगत साठवण म्हणजे हवी तेव्हा सोडता येणारी ऊर्जा. सूर्यप्रकाश मात्र संध्याकाळी, मागणी चढत असतानाच, मावळतो. बॅटऱ्या काही तासांची तूट भरून काढतात. उदंचन जलविद्युत, म्हणजे वीज मुबलक असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज बनवणे, हे साठवणुकीचे जुने आणि भरवशाचे साधन आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले बाथ काउंटी केंद्र १९८५ पासून चालू असून त्याची क्षमता सुमारे ३,००० मेगावॅट आहे. परंतु त्यासाठी दोन उंचींवरचे जलाशय लागतात, आणि अशी जागा सर्वत्र नसते. उत्तर युरोपात हिवाळ्यात ऊन नाही आणि वाराही नाही असे दिवस सलग येतात, तेव्हा भार वायूवर चालणारी केंद्रेच उचलतात.

शिवाय वीज म्हणजे संपूर्ण ऊर्जा नव्हे. लोखंड बनवणाऱ्या झोतभट्टीतला कोक (दगडी कोळशापासून केलेले इंधन) केवळ उष्णता देत नाही, तर लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे कामही करतो. सिमेंट बनवताना होणाऱ्या उत्सर्जनाचा निम्म्याहून मोठा भाग चुनखडीच्या विघटनातून येतो, म्हणजे भट्टी सौर विजेवर चालवली तरी तो उरतोच. खतांसाठी लागणाऱ्या अमोनियातला हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूतून आणि कोळशातून मिळतो. पर्याय उभे राहण्याआधी ही इंधने बंद करण्याची घाई केली, तर पहिला फटका ज्यांच्याकडे आजही पुरेशी ऊर्जा नाही त्यांनाच बसेल. म्हणून नैसर्गिक वायूला काही दशके संक्रमणाचे इंधन म्हणून मान्यता असावी.

निखारा

आडवाट, पोलाद, सिमेंट आणि खते यांबद्दल आपण लिहिलेले योग्य आहे. जीवाश्म संसाधने शिल्लक ठेवायचीच असतील, तर ती अशाच कामांसाठी ठेवावीत, वीज बनवण्यासाठी आणि मोटारी चालवण्यासाठी नव्हे. पण एक हिशेब आपल्याकडून सुटला आहे. कोळशावरच्या नेहमीच्या वीजकेंद्रात इंधनातील उष्णतेपैकी साधारण ६० ते ६५ टक्के उष्णता वाया जाते, आणि पेट्रोल इंजिनात त्याहून अधिक. जे ८० टक्के भरून काढायचे असे म्हटले जाते, त्यातला मोठा हिस्सा कधी उपयोगी पडतच नाही. पवनचक्कीची वीज थेट विद्युत मोटारीत गेली, तर तेच अंतर कापायला कितीतरी कमी ऊर्जा पुरते.

वायूच्या संक्रमणाबाबत मला तीव्र शंका आहे. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि २० वर्षांच्या काळात त्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट असते. विहिरी आणि वाहिन्यांमधून थोडी जरी गळती झाली, तरी कोळशावरचा त्याचा फायदा झपाट्याने घटतो. ती गळती मोजण्याची सक्ती होत नाही, तोवर ‘संक्रमण’ हे नाव देऊन नवी केंद्रे उभारू नयेत. उभारलेले केंद्र पुढची ३०-४० वर्षे चालवले जाते.

भूमिज

एका बाजूचा विचार अजून झालेला नाही. सूर्यप्रकाश न संपणारा आहे, पण तो पकडणारी साधने संपणाऱ्या खनिजांचीच असतात: पॅनेलमध्ये चांदी, तारांमध्ये तांबे, बॅटरीत लिथियम, अनेक पवनचक्क्यांच्या चुंबकांत निओडिमियम. बॅटरीत वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टपैकी अर्ध्याहून अधिक काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते, आणि तिथल्या खाणींतील कामगारांची स्थिती जगजाहीर आहे. तरीही मी या साधनांच्या बाजूने आहे, कारण जाळलेला कोळसा परत मिळत नाही आणि वापरलेले तांबे मिळू शकते. अट एवढीच की पॅनेल आणि बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी विक्रीच्या वेळीच उत्पादकावर टाकली जावी. ती नंतरवर ढकलली, तर आपण खाणीही वाढवू आणि कचराही.

जलरेषा

आडवाट आणि भूमिज यांनी मांडलेल्या अडचणी दोन्ही गटांना छेदून जातात, आणि मला तेच म्हणायचे होते. निखारा यांना मात्र एक प्रश्न विचारतो. युरोपीय संघाच्या नवीकरणीय ऊर्जेत सर्वांत मोठा वाटा जैवभाराचा आहे, आणि शाश्वततेच्या अटी पूर्ण झाल्या की तिथल्या उत्सर्जन-व्यापार व्यवस्थेत (जिथे उत्सर्जनासाठी परवाने लागतात आणि त्यांची खरेदी-विक्री होते) धुराड्यातला तो कार्बन शून्य धरला जातो. सूर्य आणि वारा यांच्या पुण्याईवर लाकूड तरून जाते ते या सामाईक गटामुळेच. तो गट धोरणात जसाच्या तसा ठेवावा, असे आपल्याला अजूनही वाटते का?

निखारा

गट ठेवावा, पण अख्ख्या झाडांचे लाकूड त्यातून वगळावे, आणि शेतातले अवशेष व गिरणीतला भुसा तेवढा राहू द्यावा. आपण सुचवता तसा प्रत्येक स्रोताचा, प्रत्येक केंद्राचा स्वतंत्र न्यायनिवाडा करायचा ठरवले, तर प्रत्येक कोळसा केंद्रही स्वतःची बाजू मांडायला उभे राहील आणि त्या सुनावण्यांत वर्षे जातील. त्यामुळे एक अपवाद दुरुस्त करून नियम सरळ ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते, आणि या मुद्द्यावर आपले मतभेद कायम आहेत असे समजावे.