मराठवाड्याच्या जड पाण्यात हिरवा फिशटँक: तुमचा अनुभव लिहा

पाणवेल (छत्रपती संभाजीनगर)

घरात पाणवनस्पतींचा टँक लावायचा म्हणून माहिती शोधायला गेलं की सगळीकडे एकच पाणी भेटतं: मऊ, नितळ, २४ अंशांचं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला की टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७००-८०० दिसतो, मे महिन्यात बादलीतलं पाणी हाताला कोमट लागतं आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. या पाण्यात आणि या उन्हात तुमच्याकडे काय टिकलं, ते इथे लिहा. टँक लहान असो की मोठा, चालू असो की बंद केलेला.

सुरुवात मी करते. टँक दोन बाय एक बाय एक फुटाचा, म्हणजे काठोकाठ भरला तर ५६ लिटर. नळाला पाणी काही दिवसांच्या आड येतं, म्हणून ते ड्रममध्ये साठवावंच लागतं. याचा फायदा असा की उघड्या ड्रममध्ये दिवसभर राहिलं की त्यातला क्लोरीन आपोआप उडून जातो. आधी नुसती झाडं लावली. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट. मासे महिना उलटून गेल्यावर. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी मासा त्यात गुदमरतो. दुकानात कुणी हे सांगत नाही, म्हणून इथे सांगते.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते जड पाण्याबद्दल. वर लिहिलेली तिन्ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, आणि बोअरच्या जड पाण्यात तेच तर भरपूर असतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावता, साखर-यीस्टची बाटली न जोडता ती वाढतात. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला तर आपल्याच नद्या-तलावांतली झाडं आहेत. मॉस किंवा लाल पानांची नाजूक झाडं या पाण्यात मुकाट्याने झुरतात. त्यांच्यामागे लागण्यापेक्षा ज्यांना हे पाणी मानवतं त्यांना जागा द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

काळंरान (बीड जिल्हा)

ताई, जड पाण्याचं अगदी बरोबर लिहिलंत. मी शेतकरी माणूस, त्यामुळे झाडाच्या खाण्याचं लिहितो.

टँकसाठीची खतं छोट्या बाटलीत येतात आणि महाग पडतात. पण आत असतं काय? पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, थोडी सूक्ष्म अन्नद्रव्यं. यातली पहिली दोन म्हणजे आपल्या कृषी सेवा केंद्रातली १३:००:४५ आणि ००:५२:३४. ठिबकमधून आपण पिकाला तीच सोडतो. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम १३:००:४५ टाकलं की नायट्रेट साधारण ६ पीपीएमने (म्हणजे लिटरमागे ६ मिलिग्रॅम) वाढतं. माझ्या टँकमध्ये झाडं दाट आहेत, त्यांना आठवड्याला तेवढं पुरतं. ००:५२:३४ मात्र त्याच्या दहाव्या भागाएवढंच. एवढं थोडं मोजता येत नाही, म्हणून मी १० ग्रॅम खत एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून ठेवतो आणि इंजेक्शनच्या सिरिंजने १० मिली टाकतो. म्हणजे ०.१ ग्रॅम झालं. घरात लेकरं असतील तर त्या बाटलीवर नाव लिहून ती उंच ठेवा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. १९:१९:१९ टँकमध्ये अजिबात टाकू नका, युरिया तर नकोच. त्यांतलं नत्र अमोनियाच्या वाटेने जातं आणि मासे मरतात. पोतं आणि पिशवी नीट वाचा. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं किती आहे तेही बघा, झिंग्यांना ते सोसत नाही.

लोहाचं थोडं वेगळं आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की आपण शेतात फेरस देतो. टँकच्या जड पाण्यात साधं फेरस सल्फेट टिकत नाही, ईडीटीए चिलेटसुद्धा (चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारं रसायन) लवकर तुटतं. चुनखडीच्या रानासाठी जे ईडीडीएचए लोह मिळतं ते टिकतं, फक्त पाण्याला लालसर झाक येते. मला ती चालते. तुम्हाला नको असेल तर डीटीपीए बघा.

खाली माती कोणती म्हणाल तर रानातलीच काळी. वाळवून चाळली, चुनखडीचे खडे वेचून काढले, इंचभर पसरली आणि वर दोन इंच धुतलेली वाळू. पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवायची आणि ताटलीवर ओतायचं, नाहीतर गाळ वर येतो अन् दिवसभर बसत नाही. माती मात्र फवारणी न झालेल्या जागेची घ्या. आम्ही घराजवळच्या चिंचेखालची घेतली, कापसाच्या रानातली नाही.

मांजराकाठ (लातूर)

या धाग्यावर लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते शहर आमचं. त्या उन्हाळ्यात आम्ही टँक रिकामा करून माळ्यावर ठेवून दिला होता, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. माणसांना प्यायला पाणी नसताना शोभेसाठी पाणी बदलत बसणं मनाला पटणारं नव्हतं. पाऊस चांगला झाल्यावर पुन्हा लावला, पण पद्धत बदलून.

आता टँकमधून काढलेला एक थेंबही मोरीत जात नाही. त्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे ते पातळ खतच. आमचा कढीपत्ता, मोगरा आणि गच्चीवरची वांगी त्यावर वाढतात. ज्याला कुंड्यांना पाणी घालावंच लागतं, त्याच्या टँकचं पाणी जास्तीचं धरता येत नाही.

दुसरं म्हणजे पावसाचं पाणी. पहिल्या दोन-तीन सरींनी पत्रे धुऊन निघू द्यायचे, मग पन्हाळीखाली ड्रम लावायचा. या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. बोअरचं अर्धं आणि हे अर्धं केलं की टीडीएस निम्म्यावर येतो. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात.

उन्हाळ्यात टँकची पातळी भराभर उतरते. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून कमी झालेलं पाणी भरून काढायला बोअरचं वापरलं तर महिन्याभरात खारटपणा चढतो. भर घालायला पावसाचं किंवा आरओचं गोड पाणी, आणि बदलायला मिसळलेलं. आरओच्या सांडपाण्याच्या नळीचं पाणी मात्र टँकला नको, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. टँकरचं पाणी असेल तर ब्लीचिंग पावडरचा वास येतो का बघा. येत असेल तर दोन दिवस उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला.

गोदाकाठ (नांदेड)

दगड-वाळूबद्दल थोडक्यात. वाळूवर आणि दगडावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पाण्याचा जडपणा आणखी वाढवणार. शहाबादी फरशीचे तुकडे सुंदर दिसतात, पण तो चुनखडकच. आपला साधा काळा दगड, बेसाल्ट, काहीही सोडत नाही आणि हिरव्या पानांमागे शोभतोही फार. काचेवर पांढऱ्या क्षारांची रेघ धरते ती व्हिनेगरच्या फडक्याने निघते, साबण लावू नका.

कृषीनगरी (परभणी)

आमच्याकडे दोन्ही टोकं. मे महिन्यात बाहेर ४२-४३, डिसेंबरात पहाटे १० च्या खाली.

उन्हाळ्याचं आधी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. आणि नेमकं तेव्हाच माशाला जास्त लागतो. म्हणून मे महिन्यात मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात, कारण रात्रभर झाडंही प्राणवायूच वापरत असतात. उपाय साधा आहे: रात्री एअर पंप चालू. दिवसा झाकण काढून पाण्यावर तिरका छोटा पंखा लावायचा. आपली हवा कोरडी असल्यामुळे वाफ झपाट्याने होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत पंख्याला एवढा गुण येत नाही. खोलीत कूलर चालू असेल तर हवा ओली होऊन पंख्याचा परिणाम घटतो, पण खोलीच गार असते, त्यामुळे बिघडत नाही.

लाईटचे तास उन्हाळ्यात कमी करते. एरवी आठ, एप्रिल-मे मध्ये सहा. खिडकीतून ऊन थेट पडत असेल तर शेवाळाला आमंत्रण, तेव्हा आतल्या भिंतीची जागा निवडा. क्रिप्टोकोरिनची पानं पहिल्या उकाड्यात विरघळल्यासारखी झाली तर उपटून फेकू नका. मुळं जिवंत असतात, पावसाळ्यात पुन्हा फुटतात. हिवाळ्यात हीटर लिटरला एक वॉट या अंदाजाने.

नवीन माणसाने मासे कोणते घ्यावेत? मॉली, प्लॅटी, गप्पी. तिघांनाही जड पाणी मानवतं. निऑन टेट्राला हे पाणीही नको आणि ही उष्णताही नको, त्याला इथे आणून हाल करू नयेत.

कयाधू (हिंगोली)

आमच्या गावाकडं डीपी जळाली की लाईट कधी येईल सांगता येत नाही. त्यामुळं माझा टँक लाईटवर अवलंबूनच नाही. फिल्टर नाही, झाडं लई दाट, मासे मोजके. बॅटरीवरचा एअर पंप तेवढा आणून ठेवलाय. मोठा फिल्टर बंद पडून तासन्‌तास राहिला तर आतले जिवाणू मरतात अन् चालू केल्यावर घाण पाणी टँकात येतं, म्हणून तसं झालं तर आधी त्यातलं पाणी ओतून टाका, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळून घ्या, मग चालू करा. नळाच्या पाण्याखाली धुऊ नका.

मोसंबीबाग (जालना)

डासांच्या फवाऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहुतेक फवाऱ्यांत आणि कॉइलमध्ये पायरेथ्रॉइड नावाचं कीटकनाशक असतं. माणसाला त्याचा फारसा त्रास होत नाही, माशाला ते जहर आहे, झिंग्याला तर अगदी थोडंसुद्धा. गल्लीत धूर फवारणी आली की टँक ओल्या चादरीने झाका आणि एअर पंप बंद करा, कारण तो खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. धूर गेला, खिडक्या उघडल्या, की लगेच चालू करा.

आणि हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला जे मासे हौदात सोडतो ते गप्पीच. आपल्या पाण्यात ते किती काटक आहेत हे त्यावरून समजा.

तेरणामाय (धाराशिव)

माझी लेक सातवीत आहे. तिला टँक हवा होता, घरात जागा नव्हती. बरणीत तिने ओढ्याकाठची ब्राह्मी लावली. मातीतली ब्राह्मी पाण्याखालीही जगते, पानं थोडी बदलतात एवढंच. बरणीत मासा ठेवलेला नाही, एवढ्या पाण्यात तो ठेवूही नये. गोगलगायी झाल्या त्या तिने ठेवल्या, रोज मोजते. एक विचारायचं होतं: आमचं घर जुनं, माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं छत) आहे. वरच्या खोलीत तीन फुटी टँक चालेल का?

पाणवेल (छत्रपती संभाजीनगर)

ताई, माळवदावर नका ठेवू. तीन बाय दीड बाय दीडच्या टँकमध्ये जवळजवळ १९० लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड धरून अडीचशे किलोच्या आसपास वजन एकाच जागी येतं. खाली, जमिनीवरच्या भिंतीलगत, पक्क्या स्टँडवर आणि खाली थर्माकोलचा पत्रा घालून ठेवा. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

सगळ्यांना एक हात जोडून विनंती. झाडं छाटली की ती वाळवून कुंडीत टाका. मासे नको झाले तर दुकानात परत द्या किंवा कुणाला द्या. नदीत, तलावात, विहिरीत काहीही सोडू नका. जलपर्णीने आपल्या नद्यांचं काय केलंय ते आपण बघतोच, आणि शेवाळ खातो म्हणून आणलेला सकर मासा फूटभर वाढला की लोक त्याला नेऊन पाण्यात सोडतात. तो आता राज्यातल्या जलाशयांत सापडतो.

काळंरान (बीड जिल्हा)

माझ्याकडं व्हॅलिसनेरियाची पिलं भरपूर झालीत. ज्याला पाहिजेत त्यानं सांगावं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून एसटीच्या पार्सलनं पाठवतो. मे महिन्यात फक्त रात्रीच्या गाडीनं. मिळाल्यावर तुरटीच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून धुऊन घ्या म्हणजे गोगलगायी येण्याची शक्यता कमी होते. लावताना मूळ वाळूत अन् पांढरा गड्डा वर राहू द्या, गड्डा गाडला की झाड सडतं. धाराशिवच्या ताई, लेकीसाठी पहिलं पार्सल तुमचं.